दोन खोल्यांसाठी एकवीस

माझ्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती, तेव्हा मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलीचा भाऊ काय करतो?" माझा चुलतभाऊ शेजारी बसला होता. त्याने माझ्या आधी उत्तर दिलं, "क्लबात असतो." मामांनी मान डोलावली. क्लब म्हणजे काहीतरी इंग्रजी, टेबलखुर्चीचं काम असणार, असा त्यांचा समज झाला असावा. तो आम्ही कोणी दुरुस्त केला नाही. लग्न लागलं, बहीण सुखात आहे, तेव्हा आता सांगायला हरकत नाही. मी पंधरा वर्षं पत्ते वाटले.

नुसते वाटले. खेळलो नाही. हलवायाने मिठाई न खाता विकावी, तसंच ते. आमच्या क्लबात सकाळी मी पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्रांच्या फायली बघायचो, आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत एका अर्धगोल टेबलामागे उभा राहून सभासदांना एकवीस खेळवायचो. साहेब लोक या खेळाला पोंटून म्हणत. बोटीवरून आलेले कोणी पाहुणे ब्लॅकजॅक म्हणत. मिरकरवाड्याच्या बंदराकडून वारा आला की टेबलापर्यंत सुक्या मासळीचा वास यायचा, आणि मडमा नाकाला रुमाल लावून पत्ता मागायच्या. खेळ हस्तिदंती टिकल्यांवर चाले. त्या टिकल्यांचं पुढे काय होई, ते सेक्रेटरी जाणे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पत्ते. त्यांची बेरीज एकविसाच्या जितकी जवळ तितकी चांगली, पण एकवीस ओलांडले की गेलात. कमी वाटलं तर आणखी पत्ता मागायचा. राजा, राणी आणि गुलाम यांचे प्रत्येकी दहा. एक्क्याचा एक धरा नाहीतर अकरा, तुमच्या सोयीने. खेळणारे एकमेकांशी लढत नाहीत, प्रत्येकजण वाटणाऱ्याशी लढतो. वाटणाऱ्याचा एक पत्ता उघडा असतो, एक झाकलेला. आणि वाटणाऱ्याला स्वतःची अक्कल वापरायची मुभा नाही. सोळापर्यंत असला तर त्याने पत्ता घ्यायचाच, सतरा झाले की थांबायचंच. या एका कलमामुळे तू या कामाला लायक आहेस, असं आमचे सेक्रेटरी रावसाहेब मला म्हणत.

मी लांज्याजवळच्या खेड्यातून रत्नागिरीस आलो तो क्लबात हंगामी कारकून म्हणून. नवीनच लग्न झालेलं. चुलतभावाच्या घराला एक पडवी होती, तिच्यात एका बाजूला त्यांची लाकडं आणि दुसऱ्या बाजूला आमचा संसार. चूल एकच, ती वहिनीची. आमच्या कुटुंबाला, म्हणजे जानकीला, स्वतःच्या हाताने आमटीत मीठ घालायची परवानगी नव्हती. वहिनी म्हणायची, "तुझ्या हाताला अंदाज नाही गो." जानकी रात्री मला म्हणायची, "अंदाज कुठून येणार? मीठ हातात तरी येऊ दे."

क्लबाच्या आवारात मागच्या बाजूला कारकुनासाठी दोन खोल्या होत्या. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे बैठी ओटी, चार पावलांवर विहीर. कायम कारकुनाला त्या मिळत. जानकीने त्या एकदाच, आवाराच्या दगडी गडग्याबाहेरून पाहिल्या होत्या आणि चूल कुठे मांडायची ते तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं.

तेव्हा पत्ते वाटायचं काम क्लबाचा गोवेकर बटलर मिंगेल करायचा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि एका संध्याकाळी त्याने बदामाची राणी चौकटची म्हणून मांडली. राणीचे दहा ते दहाच, पण साहेब लोकांना चुकीची राणी खपत नाही. मिंगेलने गावी परत जायचं ठरवलं. रावसाहेबांनी मला बोलावलं.

"दामोदर, बेरीज येते ना?"

"येते, रावसाहेब."

"मग मिंगेलकडून एकवीस शिकून घे. दिवाळीनंतर बोटी नीट चालू झाल्या की मुंबईचे पाहुणे येतील. त्या दिवशी टेबल तू चालवायचंस. जमलं तर कायम. त्या मागच्या खोल्याही तुझ्या."

"आणि नाही जमलं तर?"

रावसाहेब पेशाने वकील. ते म्हणाले, "तो मुद्दा आज उपस्थित होत नाही."

पत्ते म्हणजे मला लहानपणापासून झब्बू आणि लाडीस ठाऊक. गणपतीत रात्ररात्र खेळलेला माणूस मी, मला वाटलं दोन दिवसांत शिकेन. मिंगेलने भांड्यांच्या कोठीत मला समोर बसवलं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये बशा पुसायच्या फडक्यांची चळत.

"भटा, हात कित्याक कापता रे? पत्तो तो, साप न्हय."

हात कापत नव्हते, डोकं कापत होतं. सात आणि आठ पंधरा, हे मला झोपेतही येतं. पण सात, एक्का, तीन आणि राणी समोर आली की एक्का एक धरायचा की अकरा, हे ठरवेपर्यंत मिंगेल दोन बशा पुसून मोकळा व्हायचा. मग पुढचा हात, मग त्याच्या पुढचा. पाच माणसांच्या बेरजा एकदम डोक्यात ठेवायच्या, वर तोंडाने "कार्ड, मॅडम?" म्हणत राहायचं. आठवडाभराने मिंगेलने गळ्यातला क्रूस धरला आणि म्हणाला, "सायबा देवा, ह्या बामणाक पाव रे." माझ्यासाठी कुणी परधर्मात प्रार्थना केल्याचा तो एकच प्रसंग.

दुपारी जेवायला घरी आलो तरी मी पुटपुटत असायचो. जानकीने विचारलं, "कसला जप चालवलाय?" मी सांगितलं. तिने क्लबातून आणलेला पत्त्यांचा जुना जोड उलगडला आणि नियम ऐकून घेतले.

"राजा, राणी आणि गुलाम, तिघांचे दहाच?"

"दहाच."

"हे कुठलं हो राज्य?"

"इंग्रजांचं."

"मग खेळण्यापुरतंच दिसतंय," ती म्हणाली आणि पिसायला लागली.

चौथी इयत्ता शिकलेली माझी बायको तीन दिवसांत तो खेळ शिकली. माझा आठवडा गेला होता, हे मी तिला सांगितलं नाही. तिने त्याचं सगळं दुधावर नेलं. एकवीस म्हणजे भांड्याची कड. त्यापलीकडे गेलं की उतू गेलं. "तुमचा उघडा पत्ता पाच-सहाचा असला," ती म्हणायची, "तर तुम्हाला ओतत राहणं भाग आहे. मग मी कशाला हलू? मी बारावर गप्प बसणार. तुमचंच उतू जाईल. पण तुमचा उघडा पत्ता दहाचा असला, तर बसून चालणार नाही, मलाही हात भाजून घ्यायला हवा." क्लबातले बॅरिस्टर दोन-दोन वर्षं खेळून ज्या गोष्टीपाशी पोचले नव्हते, ती हिने पडवीत लाकडांशेजारी बसून सांगितली.

पण मला पाच माणसांची सवय हवी होती, आणि आम्ही होतो दोघं. जानकीने भांडी मांडली. मी अर्ध्या गोलाच्या मधोमध बसायचो आणि समोर पाच भांडी. त्यांचे पत्ते ती खेळायची आणि माझी बेरीज चुकली की पळी जमिनीवर आपटायची. कोण कसं खेळतं ते मी सांगितलं होतं, त्याप्रमाणे तिने नावं दिली. परात म्हणजे मोठे साहेब. जिल्ह्यातले फार वरचे अंमलदार, हुद्दा सांगत नाही. कायद्याबाहेर त्यांनी आयुष्यात कधी शिंकही दिली नसेल. तांब्या म्हणजे डॉक्टर. त्यांना वीस झाले तरी आणखी एक पत्ता हवाच असे. "डॉक्टरसाहेब, वीस आहेत," म्हटलं तर म्हणत, "बघू तरी." रोग्यांचं काय होत असेल, या विचाराने जानकीच्या अंगावर काटा यायचा. गडू म्हणजे तरुण वकील, पत्ता पडला तरी ते तो मानत नसत, त्यावर युक्तिवाद करत. पंचपात्र म्हणजे निवृत्त मामलेदार. ते पत्ता मागण्याआधी नाकपुडीशी बोट धरून श्वास डावीकडून चालला आहे की उजवीकडून ते पाहत. सर्दी झाली की ते क्लबात यायचेच नाहीत. आणि लहान वाटी म्हणजे मोठ्या साहेबांची मडम. ती टेबलाच्या शेवटी बसायची आणि दर आठवड्याला हरायची.

"बिचारी," जानकी म्हणायची आणि वाटीचे पत्ते जरा जास्त मन लावून खेळायची.

हे सगळं दुपारी, दार लावून. सकाळ क्लबाची आणि संध्याकाळ स्वयंपाकाची, दुसरी वेळ कुठली? वहिनीला दोन-चार दिवस वेगळाच संशय आला, आणि ती कौतुकाने हसायची. मग एके दिवशी तिने फटीतून पाहिलं. भांडी गोल मांडलेली, प्रत्येक भांड्यापुढे दोन-दोन पत्ते, मी मधोमध बसून "तांब्या उतू गेला, पंचपात्र थांबलं" असं घोगऱ्या आवाजात म्हणतोय, आणि जानकी मोकळ्या केसांनी, कारण न्हालेली होती, हातात पळी घेऊन समोर.

वहिनीने जी बोंब मारली ती खालच्या आळीपर्यंत गेली.

चुलतभाऊ मुठीत अंगारा घेऊन धावत आला. दार ढकललं आणि आधी माझ्या डोक्यावर, मग परातीवर, मग सरसकट सगळ्या भांड्यांवर टाकला.

"दामू, कोणी करणी केली तुमच्यावर?"

"करणी नाही दादा, नोकरी आहे."

मी खरं ते सांगितलं. तेव्हा कळलं की करणी परवडली असती. त्याचा चेहरा लालचा पांढरा झाला. "बायकोला जुगार शिकवतोस?" तो म्हणाला. जानकी खाली मान घालून म्हणाली, "भावोजी, मीच त्यांना शिकवते." ती मला वाचवायला गेली होती, पण त्याने प्रकरण आणखी बिघडलं. चुलतभावाने निकाल दिला: तुळशीचं लग्न होईपर्यंत राहा, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

म्हणजे आता त्या दोन खोल्या ही नुसती हौस राहिली नाही. त्या मिळाल्या तर घर, नाहीतर लांज्याचा रस्ता आणि सासरे विचारणार की जावईबापू, नोकरी कशाने गेली?

पाहुण्यांची संध्याकाळ आली. जानकीने इस्त्रीऐवजी तांब्यात निखारे घालून माझा कोट दाबून दिला. "घाई करू नका," म्हणाली. "समोर माणसं आहेत असं समजूच नका. आपली भांडीच आहेत."

टेबलाशी आलो. माझ्या डाव्या हाताला पहिल्या खुर्चीत मोठे साहेब. पलीकडे डॉक्टर, मग वकील, मग मामलेदार, आणि माझ्या उजव्या हाताला शेवटी मडम. मागे मुंबईचे पाहुणे उभे आणि रावसाहेब खांबाला टेकून. मिंगेल दाराशी, हात क्रुसावर.

मी पत्ते पिसले. समोर पाहिलं: परात, तांब्या, गडू, पंचपात्र, वाटी. मन एकदम निवांत झालं. वाटले. बेरजा तोंडातून आपोआप येऊ लागल्या. डॉक्टर विसावर उतू गेले. मामलेदारांनी नाकपुडी तपासून पत्ता नाकारला. मडम जिंकली. दुसरा डाव, मडम पुन्हा जिंकली. तिसरा डावही तिचाच. तिने टाळी वाजवली. मला वाटलं, या खोल्या आता मिळाल्याच.

"थांब," मोठे साहेब म्हणाले. "तू उलटा वाटतो आहेस."

मी हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं आणि चूक ध्यानात आली. आपल्याकडे पत्ते उजव्या हाताच्या माणसापासून वाटतात. झब्बू असो, लाडीस असो, उजवीकडून सुरुवात. इंग्रज डावीकडून वाटतात. मिंगेलच्या कोठीत आम्ही समोरासमोर दोघंच, तिथे डावं-उजवं कसलं? आणि घरी भांड्यांना मी रोज आपल्या वळणाने वाटत गेलो, भांड्यांनी कधी तक्रार केली नाही. तीन डाव मी जिल्ह्याच्या एवढ्या मोठ्या अंमलदाराला सगळ्यांच्या शेवटी पत्ता देत होतो. मामलेदारांच्याही नंतर. साहेबी शिष्टाचारात याचा अर्थ काय होतो, ते रावसाहेबांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

"असं वाटायला तुला कोणी शिकवलं?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

मिंगेलचं नाव जिभेवर आलं होतं. म्हातारा दाराशी उभा होता, दुसऱ्या दिवशी निरोप घेणार होता. ते गिळलं, आणि जे उरलं ते बाहेर पडलं.

"माय वाइफ, सर."

खरं म्हणजे उजवीकडून वाटायला जानकीने मला शिकवलं नव्हतं. ते वळण माझ्या हाताचं होतं. मोठं संकट आलं तेव्हा मी बायकोला पुढे केलं आणि स्वतः मागे लपलो, एवढी गोष्ट मला आजही खटकते. मागचे पाहुणे हसले. वकीलही हसले. रावसाहेब तेवढे हसले नाहीत. माझे कान तापले, आणि त्या तापातच मी आणखी एक वाक्य बोललो, जे मात्र मनापासून होतं: "ती माझ्यापेक्षा चांगलं खेळते, सर. इथल्या सगळ्यांपेक्षा."

आता हसणं थांबलं. मडम पुढे झुकली.

"तुझी बायको? एकवीस खेळते?"

"येस, मॅडम."

"आणि ती अशीच वाटते? इकडून?" तिने स्वतःच्या खुर्चीकडे बोट केलं.

"आमच्याकडे सगळेच, मॅडम."

मडम नवऱ्याकडे वळली. "दोन वर्षं मी या टेबलाच्या टोकाला बसते आहे. आज पहिल्यांदा पहिला पत्ता मला मिळाला. मला ही रीत पसंत आहे."

"पण नियम आहे," साहेब म्हणाले.

"कुठे लिहिलाय?"

साहेबांनी रावसाहेबांकडे पाहिलं. रावसाहेबांनी कपाटातून क्लबाच्या नियमांचं पुस्तक काढलं. ते उघडण्याआधीच तरुण वकिलांनी ते हातातून घेतलं. एवढ्या वर्षांत पत्त्यांपुढे त्यांचा एकही युक्तिवाद चालला नव्हता. पानं उलटून ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पत्ते कोणत्या दिशेने वाटावेत, याबाबत नियमांत काहीही तरतूद नाही, सर."

कायद्याचा माणूस कायद्यातच अडकला. साहेबांनी स्वतः पानं उलटून खात्री केली. मग म्हणाले, "ठीक आहे. चालू दे."

मी वाटले. उजवीकडूनच. मडम, मामलेदार, वकील, डॉक्टर, आणि शेवटी साहेब. पुन्हा एक फेरी. साहेबांनी पत्ते उचलले. एक्का आणि इस्पिकचा राजा. दोन पत्त्यांत पुरे एकवीस.

त्यांनी ते मांडले, मनाशी काही हिशेब केला आणि बायकोला म्हणाले, "नेहमीसारखे वाटले असते तर हे तुझ्याकडे आले असते." ती म्हणाली, "मग तुझं काय म्हणणं आहे?" साहेबांनी टिकल्या ओढून घेतल्या. "माझं काहीच म्हणणं नाही," ते म्हणाले, आणि हसले. रावसाहेब खांब सोडून सरळ उभे राहिले. पत्त्यांना डावं-उजवं कळत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण वाटणाऱ्याने अक्कल वापरायची नसते.

तुळशीच्या लग्नाआधी चार दिवस आम्ही खोल्यांत गेलो. वहिनीने जाताना मिठाची बरणी भरून दिली. तिला भूमिका बदलायला वेळ लागला नाही; आळीत ती सांगत होती की आमच्या जानकीने साहेबाला हरवलं. जानकीने चूल ठरवलेल्या जागी मांडली. पहिल्या दिवशीची आमटी खारट झाली आणि आम्ही दोघांनी ती दोनदा वाढून घेतली.

नव्या घरातल्या पहिल्या गुरुवारी मी क्लबातून लवकर निघालो. स्वतःच्या ओटीवर पाय पसरून बसायचं, असं सकाळपासून मनात होतं. पाहतो तर ओटीवर क्लबातली वेताची खुर्ची, खुर्चीत मडम, समोर पाटावर जानकी. मध्ये पत्ते. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. आकडे बोटांवर चालले होते आणि भांडण मात्र अस्खलित चाललं होतं. शिवाशिवीची आठवण दोघींनाही नव्हती. पुढे दर गुरुवारी मडम गेल्यावर जानकी ओटी सारवून आंघोळ करायची, पण खेळ संपेपर्यंत तो विषयच निघत नसे.

मी पायरीवर पाय ठेवला.

"अहो, तिथे नको," जानकी वर न बघता म्हणाली. "उजेड अडतोय."

"मग बसू कुठे?"

"विहिरीकडे बसा की. वारा छान आहे."

मी विहिरीच्या कठड्याशी गेलो. थोड्या वेळाने वाळूवर बुटांचा आवाज आला. मोठे साहेब मडमेला न्यायला आले होते. ते ओटीपर्यंत गेले, दोन शब्द बोलले, आणि मडमेने नुसता हात हलवून त्यांना विहिरीकडे पाठवलं. ते आले. मी उठून उभा राहिलो.

"आणखी किती वेळ, दामोदर?"

"सांगता येत नाही, सर. घर त्यांचं आहे."

साहेबांनी ओटीकडे पाहिलं. खुर्ची त्यांच्या बायकोकडे होती, पाट माझ्या. त्यांनी खिशातून रुमाल काढून कठड्यावर पसरला, बसले, आणि थोडे सरकून शेजारची जागा हाताने थोपटली.

"सिट डाउन," ते म्हणाले. "वेळ लागेल असं दिसतंय."